ढगळी जर्सी घरी शिवताय? सगळा खेळ गळ्याच्या पट्टीचा

नवतपा (मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) लागला की नागपुरात अंगाला चिकटणारं काहीच नको वाटतं, म्हणून मी दर उन्हाळ्यात घरातल्या पोरापोरींसाठी एकाच मापाच्या ढगळ्या जर्स्या शिवते.

पॉलिस्टरचं डॉटनिट (खेळाच्या जर्सीचं कापड) घ्या, घाम लवकर सुकतो असं सगळे सांगतात. मैदानावर खेळायला ठीक आहे, पण नुसतं घालून हिंडायचं असेल तर कॉटन होजिअरीच (टी-शर्टचं सुती कापड) घ्या, 140 ते 160 जीएसएमचं (म्हणजे एका चौरस मीटरचं वजन इतके ग्रॅम), आपल्याकडची मे मधली गरमी कोरडी असते, कॉटनमधला घामही सुकतो. गांधीबागेत, म्हणजे इथल्या कापडबाजारात, जाल तर किलोवर मिळतं का विचारा, एका जर्सीला 300 ग्रॅम पुष्कळ. धुऊन मगच कापा.

छाती आणि हिप, जे जास्त असेल त्यात 8 इंच मिळवा. खांदा 2 इंच खाली उतरू द्या. पाठीवर नंबर हवा तर बाजू जोडायच्या आधी कापड सपाट असतानाच चिकटवा. मशीनला बॉलपॉइंट (गोलसर टोकाची) सुई आणि बारीक झिगझॅग, साध्या सुईने टाके सुटतात.

आता गळा. माझ्या पहिल्या तीन जर्स्या इथेच वाया गेल्या, गळा झालरीसारखा लहरत होता आणि पुढून लोंबत होता. कारण मला कोणीतरी सांगितलेलं की पट्टी गळ्याएवढीच कापा. अजिबात नका कापू! पट्टी रिबची (उभ्या रेघांचं, ताणलं जाणारं कापड) घ्या, आणि गळा कडेवर नाही, जिथून शिलाई जाणार तिथून मोजा, टेप उभा धरून. 20 इंच भरला तर पट्टी 17 इंच, म्हणजे 85 टक्के, वर जोडायला पाऊण इंच. रुंदी अडीच इंच, दुमडून लावायची.

आणि सगळ्यात मोठी चूक म्हणजे पट्टीचे चार भाग करून दोन खुणा खांद्याच्या शिलाईवर टाचणे. पुढचा गळा मागच्यापेक्षा लांब असतो ना, मग सगळा ताण पुढे जातो आणि मागे पट्टी ढिली पडते. पुढचा मध्य आणि मागचा मध्य एकावर एक ठेवा, बाजूला जिथे घडी पडेल तिथे खूण करा, ती खांद्याच्या एखाद इंच पुढे येते, तिथेच टाचा. शिवताना पट्टी वर ठेवा आणि फक्त पट्टी ताणा, खालचा गळा ओढला की गेलाच समजा, कितीही इस्त्री केली तरी तो परत येत नाही. पट्टीचा जोड मागे डाव्या खांद्याजवळ लपवा. शेवटी वाफेची इस्त्री दाबून उचला, घासू नका, पट्टी डोळ्यांदेखत आत बसते.

ओव्हरलॉक (कापडाच्या कडा गुंफणारं मशीन) नसेल तर कोपऱ्यावरच्या पिको-फॉलवाल्याकडून मारून घ्या, फक्त गळ्याला आधी तुमची शिलाई झालेली असू द्या. बाह्या आणि खालचा घेर 1 इंच दुमडून झिगझॅग.