तीन भाषा आणि एक मेकफाइल

माझ्या मॅकवर बिल्ड (कोडमधून चालता प्रोग्राम बांधायचं काम) पाचातून एकदा फुटायचा आणि सीआयवर, म्हणजे प्रत्येक बदल आपोआप बांधून तपासणाऱ्या सर्व्हरवर, मात्र कायम हिरवा. "माझ्या मशीनवर तर चालतंय" म्हणायचीही सोय नव्हती. पायथनची सर्व्हिस सुरू होताना तक्रार करायची की मॉड्यूलमध्ये अमुक क्लासच नाही. फाइल उघडून बघावी तर क्लास जागेवर. दोन दिवस मी पायथनला शिव्या घातल्या, आणि त्या बिचाऱ्याचा यात काही संबंधच नव्हता.

प्रोजेक्ट पुण्यातल्या एका मध्यम कंपनीचा. मुख्य सर्व्हर गोमध्ये, रिपोर्ट काढणारी सर्व्हिस पायथनमध्ये, स्क्रीन टाइपस्क्रिप्टमध्ये. तिघांनी एकमेकांशी काय बोलायचं ते प्रोटोबफच्या फाइलींत लिहिलेलं, आणि त्या फाइलींवरून तिन्ही भाषांचा कोड आपोआप तयार व्हायचा. पायथनसाठी एकच कमांड दोन फाइली बनवते: एकीत मेसेज, दुसरीत जीआरपीसीचा, म्हणजे सर्व्हिसनी एकमेकींना हाक मारायचा, भाग. कुठली फाइल कशावरून बनते याचे नियम मेकफाइलमधून वाचून कमांड चालवणाऱ्या मेक या टूलमध्ये 'एका कमांडमधून दोन फाइली' हे सरळ सांगायची सोय आहे. कोलनच्या आधी & लावायचं, म्हणजे &: असं. मी तसंच लिहिलं, आणि दोन्ही एकदमच तयार होणार म्हणून पॅकेज बांधणारा नियम त्यातल्या एकाच फाइलवर अवलंबून ठेवला.

घोळ असा, की ही सोय जीएनयू मेकमध्ये ४.३ या आवृत्तीत, २०२० साली आली. सीआयवर उबुंटू २२.०४ होतं, त्यात ४.३ आहे. मॅकसोबत येणारं मेक ३.८१ आहे, २००६ सालचं. त्यानंतरच्या आवृत्त्या जीपीएल ३ या ओपन सोर्स परवान्याखाली आल्या आणि ॲपल तो परवाना टाळतं, म्हणून ते तिथेच थांबलंय. ३.८१ ला &: कळत नाही, आणि न कळल्याचं ते सांगतही नाही. & हे आणखी एका फाइलचं नाव समजून ते पुढे जातं. मग दोन फाइलींसाठी तीच कमांड दोनदा चालते. आठ कामं एकदम चालवायला सांगितली असतील तर दोन्ही वेळा एकाच सुमारास. पहिली संपली म्हणून पॅकेज बांधायला सुरुवात होते, तेवढ्यात दुसरी तीच फाइल रिकामी करून पुन्हा लिहायला घेते. मी बघत होतो ती मूळ फाइल, तोवर पूर्ण झालेली. पॅकेजमध्ये गेलेली प्रत अर्धी होती.

एवढं सविस्तर सांगितलं, कारण नवे लोक मला विचारतात ते वेगळंच असतं. "सर, मल्टी-लँग्वेज प्रोजेक्टला बेझल चांगलं की ग्रेडल?" दोन्ही मेकसारखी बिल्डची टूल. नळाचं काम करणाऱ्याला विचारा, पाणी पाइपातून क्वचितच गळतं, गळतं ते सांध्यातून. गोचं टूल गोसाठी उत्तम आहे, एनपीएम टाइपस्क्रिप्टसाठी पुरेसं आहे, कार्गो रस्टसाठी तर लाडाचं आहे. दुखणं सुरू होतं ते एका भाषेच्या बिल्डमधून निघालेली फाइल दुसऱ्या भाषेच्या बिल्डला लागते तिथे. म्हणून टूल निवडायच्या आधी कागदावर असे सांधे मोजा. आमच्याकडे चार होते: प्रोटोबफमधून तीन भाषांकडे जाणारे तीन, आणि तयार झालेला फ्रंटएंड (स्क्रीनचा कोड) गोच्या बायनरीत, म्हणजे चालवायच्या तयार फाइलीत, भरायचा तो चौथा.

चार सांध्यांसाठी आम्ही बेझल आणायला निघालो होतो, हेही कबूल करतो. गूगलच्या आतल्या ब्लेझ नावाच्या टूलची ही खुली आवृत्ती, २०१५ साली बाहेर आली. त्यामागचा विचार खरोखर देखणा आहे. मेक फाइलची वेळ बघतं: मूळ फाइल तयार फाइलीपेक्षा नवी असेल तर पुन्हा बांध. सीआयवर गिटने ताजा कोड उतरवला की सगळ्या फाइलींची वेळ 'आत्ता'ची होते, मग जुनी कॅश (आधी बांधून साठवलेल्या फाइली) परत आणून ठेवली तरी मेक सगळं नव्याने बांधत बसतं. बेझल वेळ बघत नाही, फाइलीतला मजकूर बघतं. शिवाय प्रत्येक पायरीला काय काय लागतं ते आधी जाहीर करायला लावतं आणि पायरी सँडबॉक्समध्ये, म्हणजे बाकीच्या फाइलींपासून तोडलेल्या जागेत, चालवतं. जाहीर न केलेली सोर्स फाइल तिथे सापडतच नाही. आमचा पॅकेजवाला घोळ तिथे झालाच नसता.

मग आम्ही बेझल का सोडलं? गोचा भाग दोन दिवसांत बसला, कारण गोसाठी बिल्ड फाइली आपोआप लिहून देणारं गॅझेल आहे. पायथनला दोन आठवडे. टाइपस्क्रिप्टला त्याहून जास्त, कारण तयार कोड बेझलच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये जातो आणि एडिटरला तो दिसेना. सगळ्या स्क्रीनभर लाल रेघा. त्यात नेटवरची निम्मी उदाहरणं बाहेरच्या लायब्रऱ्या नोंदवायच्या जुन्या वर्कस्पेस फाइलची, आणि बेझल तोवर बीझेडएलमॉड या नव्या पद्धतीकडे वळलेलं. सहा आठवड्यांनी, ज्याला यातलं खरं कळत होतं त्या सहकाऱ्याने राजीनामा दिला आणि त्या कामाला वाली उरला नाही. माझं मत कडू वाटेल, पण असलं टूल घेताना ते सांभाळणारा माणूसही घ्यावा लागतो. दोनशे जणांच्या टीमला ते परवडतं. आम्ही नऊ होतो.

शेवटी केलं ते अगदी साधं. प्रत्येक भाषेचं काम तिच्याच टूलकडे ठेवलं आणि वर पातळसं मेक. नियमांपेक्षा नावंच जास्त: मेक टेस्ट, मेक रन, कोड तयार करायला मेक जेन. प्रोटोबफमधून तयार होणारा कोड थेट गिटमध्ये टाकला. यावर लोक नाकं मुरडतात, मुरडू देत. स्क्रीनचं काम करणाऱ्या मुलीला आता प्रोटोबफचा कंपायलर लागतच नाही. सीआय तो कोड पुन्हा तयार करतं आणि गिट डिफमध्ये, म्हणजे आधीच्या कोडशी तुलनेत, एक ओळ जरी निघाली तरी बिल्ड पाडतं. यात एक खाच आहे: गोच्या तयार फाइलींच्या डोक्यावर कंपायलरची आवृत्ती छापलेली असते. दोघांकडे दोन आवृत्त्या असल्या की काही न बदलता डिफ निघतो. म्हणून आवृत्त्या रेपोतल्याच (प्रोजेक्टच्या गिट फोल्डरमधल्याच) एका फाइलीत पक्क्या करून ठेवा, आणि त्याच नियमाने सीआयवर एनपीएम इन्स्टॉलऐवजी एनपीएम सीआय वापरा, ते लॉक फाइल (लायब्रऱ्यांच्या नेमक्या आवृत्त्यांची यादी) मुकाट पाळतं.

मेक म्हातारं आहे, १९७६ साली बेल लॅब्समध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी लिहिलेलं. कमांडच्या आधी टॅबच हवा, स्पेस चालत नाही, हा त्याचा तेव्हापासूनचा हट्ट. पहिल्यांदा मेकफाइल लिहाल तेव्हा यात अर्धा तास जाईल असं धरूनच चाला.

नव्या नोकरीत पहिल्या आठवड्यात एक काम नक्की करा. कोऱ्या मशीनवर किंवा कंटेनरमध्ये रेपो क्लोन करा आणि रीडमी शब्दशः पाळत बिल्डपर्यंत पोचा. जिथे अडाल तिथे टिपण काढा. मुख्य सांधे त्या कागदावर आपोआप येतात, आणि दुरुस्त केलेला रीडमी हा तुमचा पहिला पुल रिक्वेस्ट, म्हणजे टीमकडे मंजुरीला पाठवलेला बदल, होतो. मुलाखतींत मी टूलची नावं विचारत नाही. बायोडेटात ती दहा असतात. मी विचारतो: ही एक फाइल बदलली तर काय काय पुन्हा बांधलं जाईल, आणि ते टूलला कसं कळतं? बरेच जण पहिल्या भागाचं उत्तर देतात आणि दुसऱ्यावर गप्प होतात.

&: चं काय झालं? ते काढलं. आता तीच कमांड दोन्ही फाइली बनवते आणि शेवटी एका रिकाम्या फाइलीला टच करते, म्हणजे तिची वेळ 'आत्ता'ची करते. बाकी सगळे नियम त्या एकाच रिकाम्या फाइलीवर अवलंबून. मॅकवरही चालतं. खोड एकच: कुणी तयार कोड हाताने उडवला तर मेकला पत्ता लागत नाही, कारण ती रिकामी फाइल जागच्या जागी असते. मागच्या महिन्यात एका इंटर्नने नेमकं तेच केलं आणि दुपारभर पायथनला शिव्या घालत बसला.