ट्रेसखालची परतीची वाट तपासा

सर्किट बोर्डावर ट्रेस (सिग्नलची तांब्याची रेघ) काढताना सिग्नल कुठे जातो ते आपण बघतो. करंट परत कुठून येतो, ते राहून जातं. फ्रिक्वेन्सी वाढली की परतीचा करंट आखूड वाट शोधत नाही, ट्रेसच्या बरोबर खालून येतो, कारण तिथे इंडक्टन्स (करंटच्या बदलाला होणारा विरोध) सर्वांत कमी. तिथेच ग्राउंड प्लेनला (ग्राउंडच्या तांब्याच्या सलग थराला) चीर असेल तर करंटला वळसा पडतो, लूप मोठा होतो आणि बोर्ड अँटेनासारखा वागू लागतो. डीआरसी (सॉफ्टवेअरमधली डिझाइन-नियमांची तपासणी) हे सहसा पकडत नाही. म्हणून गर्बर फाइल (बोर्ड बनवणाऱ्याला द्यायचा आराखडा) पाठवण्याआधी क्लॉक, यूएसबीचे ट्रेस एकेक करून हायलाइट करा आणि खालचा थर डोळ्यांनी बघा. सिग्नल थर बदलत असेल तर शेजारी ग्राउंडचा व्हिया (थर जोडणारं तांब्याचं छिद्र) द्या. ॲनालॉग आणि डिजिटल भागांसाठी ग्राउंड प्लेन तोडून वेगळा करायचा मोह? आवरा. भाग नीट मांडले तर अखंड प्लेन बहुधा पुरतो.