मेणकापडाचा कोट: मराठवाड्याच्या उन्हात टिकेल असं मेण कसं बसवायचं

सुती कापडात मेण जिरवून पाणी अडवायची युक्ती जहाजांवरची. शिडाच्या कापडाला खलाशी जवसाचं तेल लावत. पण निव्वळ तेलाचं कापड कालांतराने पिवळं पडतं, थंडीत कडक होऊन तडकतं. म्हणून पुढे तेलाची जागा पॅराफिन मेणाने घेतली. आजचं कारखान्यातलं मेणकापड हलकं असतं आणि हाताला चिकटत नाही. तसंच कापड घरी होत नाही, पण शेतात रोज वापरता येईल असा कोट नक्की होतो.

परदेशी कृती जशीच्या तशी उचलली की ती आपल्याकडे फसते. तिकडे थंडी आणि रिमझिम असते. मराठवाड्यात जिल्ह्यागणिक साधारण 600 ते 900 मिलिमीटर पाऊस, तोही सरींनी, आणि दोन सरींच्या मध्ये अंगाची काहिली करणारी उघडीप. मे महिन्यात पारा 42 च्या पुढे. मोटारसायकलच्या सीटवर उन्हात पडलेलं गडद कापड त्याहून कितीतरी जास्त तापतं, मऊ मेण पाझरतं आणि कोट सीटला चिकटतो. म्हणून इथे मेण घट्ट हवं, थर पातळ हवा आणि काखा कोऱ्या सोडायच्या.

कापड 280 ते 320 जीएसएमचं (म्हणजे एका चौरस मीटरला इतके ग्रॅम वजनाचं), घट्ट विणीचं शंभर टक्के सुती कॅनव्हास किंवा जाड ड्रिल घ्या. पॉलिस्टर मिसळलेलं नको, त्यात मेण नीट जिरत नाही. मांजरपाटाची वीण विरळ असते, तेही चालत नाही. रंग खाकी किंवा मातकट निवडा, मेण लागल्यावर तो एक-दोन छटा गडद होतो. मोठ्या माणसाच्या कोटाला 58 इंच पन्ह्याचं अडीच मीटर कापड पुरतं. त्याचं वजन साधारण 1 किलो 100 ग्रॅम भरतं.

शिवण्याआधी खळ काढा. दहा लिटर कडक गरम पाण्यात दोन मोठे चमचे धुण्याचा सोडा टाकून कापड तासभर भिजवा, चोळा आणि तीन पाण्यांतून काढा. वाळल्यावर त्यावर पाण्याचा थेंब टाका. तो लगेच शोषला गेला तर खळ निघाली. थेंब वर मण्यासारखा उभा राहिला तर पुन्हा धुवा, कारण खळ असेल तिथे मेण वरच्यावर बसतं आणि पापुद्र्यासारखं निघून येतं. या धुण्यात कापड जे आटायचं ते आटतं, म्हणून माप नंतरच द्या.

आधी शिवा, मग मेण लावा. मेण लावलेलं कापड शिंपी मशीनवर घेत नाहीत, आणि त्यांचं बरोबर आहे: दाते आणि सुई चिकट होतात. शिवाय नंतर लावलेलं मेण सुईची भोकंही भरतं. सुई 16 किंवा 18 नंबरची, टाका 3 ते 3.5 मिलिमीटरचा. खांद्यावर शक्यतो जोड ठेवू नका, पाठीचाच तुकडा पुढे आणा. बाकीचे जोड आत दुमडून दुहेरी शिलाईने बंद करा. काखेत प्रत्येकी तीन आयलेट, म्हणजे हवा खेळायची धातूच्या कडीची भोकं, ठोका.

एका कोटाला मधमाशीचं मेण 200 ग्रॅम, मेणबत्तीचं पॅराफिन 100 ग्रॅम आणि हार्डवेअरच्या दुकानातलं डबल बॉइल्ड जवस तेल 30 ग्रॅम. मधमाशीचं मेण 62 ते 64 अंशांना वितळतं, म्हणून त्याचं प्रमाण जास्त. ते मधपेट्या ठेवणाऱ्यांकडून घ्या. शुद्ध मेणाला मधाचा वास येतो आणि बोटांनी मळलं की ते मऊ होतं. तेलामुळे घडीवर तडे कमी जातात. चटणीच्या जवसाचं घाण्याचं कच्चं तेल इथे घालू नका, ते वाळायला फार वेळ घेतं.

मेण थेट आचेवर कधीही ठेवू नका. पातेल्यात पाणी उकळत ठेवा आणि त्यात मेणाचा कोरडा डबा बसवा. सगळं वितळलं की डबा गॅसपासून दूर नेऊन तेल मिसळा. डब्यात पाण्याचा थेंबही जाऊ देऊ नका, गरम मेण तडतडून अंगावर उडतं.

काम मे महिन्यात दुपारी बारा ते तीनमध्ये करा. पत्रा उन्हात तापवून त्यावर कोट पसरा. हे ऊन फुकटची भट्टी आहे. दोन इंची ब्रशने पातळ हात मारा. मेण लगेच थिजून पांढुरकं दिसेल. हॉट एअर गन चार-पाच इंचांवर धरून सावकाश फिरवा. पांढुरकेपणा नाहीसा होऊन कापड ओलं झाल्यासारखं गडद दिसलं की मेण धाग्यात उतरलं. गन नसेल तर वर खाकी कागद ठेवून जुनी इस्त्री मध्यम आचेवर फिरवा. काखा आणि बाहीची आतली बाजू सोडा. खांदे, पाठ आणि जोडांवर दुसरा हात द्या.

मेण लावण्याआधी आणि नंतर कोटाचं वजन करा. 900 ग्रॅमचा कोट 1150 ते 1200 ग्रॅम भरला तर प्रमाण बरोबर. त्याहून जास्त भरला तर कोट ताठ होतो, आतून घाम धरतो. मग कागद ठेवून इस्त्री करा, कागद जादा मेण ओढून घेतो. नंतर सावलीत आठवडाभर टांगून ठेवा.

तेलाच्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना उष्णता सोडतं आणि चोळामोळा करून ठेवलेली चिंधी आपोआप पेट घेऊ शकते. चिंध्या पाण्यात बुडवा किंवा मोकळ्यावर सुट्या पसरून वाळवा.

चाचणी सोपी आहे. पाठीचा भाग एका भांड्यावर खोलगट ठेवून त्यात पेलाभर पाणी ओता. तासाभराने खाली थेंब दिसला तर तिथे मेण कमी आहे. घडीवर पांढऱ्या रेघा उमटतात, त्या बिघाड समजू नका. थोडी ऊब दिली की जातात.

हा कोट घालून फवारणी करू नका. त्याला साबण चालत नाही, म्हणजे अंगावर उडालेलं औषध धुऊन निघत नाही, आणि तेलकट औषधं मेणच विरघळवतात. फवारणीचे कपडे वेगळे आणि दरवेळी धुण्याजोगेच हवेत. चुलीजवळ, शेकोटीजवळही हा कोट नको. कापूस वेचतानाही घालू नका, मेणाचे डाग कापसाला लागतात.

काळी माती ओली असताना पुसली तर ती कापडात भरते. वाळू द्या, मग कोरड्या ब्रशने झटका. राहिलेलं गार पाण्याच्या फडक्याने टिपा. दमट कोट घडी करून ठेवला की बुरशी धरतो, म्हणून खुंटीला टांगा, पण पत्र्याच्या छताखाली अगदी वर नको. पहिल्यांदा मेण उडतं ते खांद्यावर, कोपरावर आणि खिशाच्या तोंडाशी. उरलेलं मेण साबणाच्या वडीसारखं साच्यात ओतून ठेवा. दरवर्षी मिरगाच्या आधी, मेअखेरच्या उन्हात, ती वडी या जागांवर घासून गरम करा. तीस-चाळीस ग्रॅम पुरतं.