पेटाऱ्याच्या तळाशी सापडलेले कागद

गोव्यात जुनी पुस्तकं आणि कागदपत्रं जमवायची आहेत असं म्हणत जी तरुण मंडळी भेटतात, त्यांच्यातल्या बहुतेकांच्या मनात १५५६ हे साल पक्कं बसलेलं असतं. त्या वर्षीच्या ६ सप्टेंबरला गोव्यात भारतातला पहिला छापखाना उतरला. खरं तर तो निघाला होता अबिसिनियाला, म्हणजे आजच्या इथिओपियाला, पण इथेच राहिला आणि जुन्या गोव्यात सांपावच्या, म्हणजे सेंट पॉलच्या, कॉलेजात बसला. ही गोष्ट अभिमानाने सांगण्यासारखीच आहे. मीही बावीस वर्षांपूर्वी तेच स्वप्न घेऊन सुरुवात केली होती.

पण त्या पहिल्या वर्षी छापलेल्या पुस्तकाची एकही प्रत आज उरलेली नाही. १५५७ सालच्या ख्रिस्ती प्रश्नोत्तरीचीही नाही. गोव्यात छापलेलं जे सर्वांत जुनं पुस्तक आज शिल्लक आहे ते १५६१ सालचं, आणि ते न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात आहे. फादर स्टीफन्सचं मराठी ख्रिस्तपुराण १६१६, १६४९ आणि १६५४ असं तीनदा छापलं गेलं. त्या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत सापडलेली नाही. लोकांनी हातांनी उतरवून ठेवलेल्या प्रतींमुळे ते आपल्यापर्यंत पोचलं. कृष्णदास शामाची सोळाव्या शतकातली मराठी कृष्णकथा पोर्तुगालमधल्या ब्रागा शहरात जाऊन पडली. तेव्हा म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात गार्सिया द ओर्ताचा औषधी वनस्पतींवरचा १५६३ सालचा ग्रंथ मिळेल ही आशा सोडा. ते ग्रंथ पाहायचे, वाचायचे, समजून घ्यायचे. जमवण्यासारखं जे आहे ते दुसरीकडे आहे.

ते आहे माळ्यावर, पेटाऱ्यांच्या तळाशी. देवळाच्या उत्सवात केलेल्या नाटकाचं हस्तपत्रक. लग्नपत्रिका. शाळेचं प्रगतिपुस्तक. पेट्रोमॅक्स भाड्याने आणल्याची पावती. देवस्थानाच्या पोर्तुगीजमध्ये छापलेल्या नियमावलीची, म्हणजे कोंप्रोमिसाची, वाळवीने अर्धी खाल्लेली प्रत. गावठी दुकानाचं बिलबुक. हे कागद कुठल्याही ग्रंथालयाने जपून ठेवलेले नाहीत, कारण छापले त्या दिवशीच त्यांचं काम संपलं होतं. घर पाडलं की ते भंगारवाल्याच्या टेंपोत जातात, आणि आता गोव्यात जुनी घरं झपाट्याने पडताहेत.

माझी सगळ्यात मोठी चूक सांगतो. तशीच तुमच्याकडूनही होण्याचा संभव आहे. फोंडा महालातल्या एका वाड्याची वाटणी झाली आणि वाडा पाडायचं ठरलं. तिथल्या आजींनी लाल रुमालात बांधलेला एक दप्तराचा गठ्ठा माझ्या हाती दिला. म्हणाल्या, "व्हर बाबा, पूण ह्या कागदांक आमच्या घराचो वास आसा." (घेऊन जा बाबा, पण या कागदांना आमच्या घराचा वास आहे.) मी घरी आलो, रुमाल सोडला आणि दोन रात्री बसून सगळं मोठ्या हौसेने लावलं. हस्तपत्रकं एका फायलीत, पावत्या दुसरीत, पत्रं तिसरीत, पंचांगं वेगळी. रुमाल धुऊन टाकला.

सहा-सात वर्षांनी त्यातलं एक नाटकाचं हस्तपत्रक काढून बसलो. त्यावर तिथी होती, वार होता, तिकिटाचा दर होता. साल नव्हतं. आपल्याकडच्या उत्सवी नाटकांच्या हस्तपत्रकांवर साल क्वचितच असतं, कारण ती गावासाठी असत आणि गावाला कुठलं साल चाललंय ते ठाऊकच असे. जुनी पंचांगं घेऊन तिथी आणि वार जुळवला तर तीन सालं निघाली. मग आठवलं, त्याच गठ्ठ्यात पेट्रोमॅक्सच्या भाड्याची एक पावती होती, आणि तिच्यावर पूर्ण तारीख होती. ती या हस्तपत्रकात घडी घालून ठेवलेली होती की दुसऱ्या कुठल्या कागदात? कागद गठ्ठ्यात होते तसे राहू दिले असते तर कळलं असतं. आजींना विचारायला गेलो तेव्हा त्या राहिल्या नव्हत्या.

त्या दिवसापासून मी एक वही ठेवली आहे. गठ्ठा आला की रुमाल सोडायच्या आधी त्याचा फोटो. मग वरून खाली प्रत्येक कागदाला क्रमांक, पातळ कागदाच्या चिठ्ठीवर, पेन्सिलने. कुठल्या गावातून, कुठल्या वाड्यावरून, घराच्या कुठल्या भागातून, कुणी दिला, किती पैसे दिले, देताना ती व्यक्ती काय म्हणाली. एका कागदात दुसरा कागद खोचलेला असेल तर तसाच नोंदवायचा. वर्गवारी करायचीच असेल तर यादीत करा, कागदांची जागा हलवू नका. नवख्याला हे कंटाळवाणं वाटतं, मला माहीत आहे. पण एखाद्या हस्तपत्रकाची किंमत शंभर रुपये असेल, तर ते कुठल्या घरातून कुठल्या पावतीबरोबर आलं ही माहिती त्याहून कितीतरी मोलाची आहे. ती एकदा सांडली की परत मिळत नाही.

साल नसलेल्या कागदाचं वय काढायला गोव्यात चांगल्या खुणा आहेत. त्या शिकायला मला फार आनंद वाटला. कागदावर पोर्तुगीज राजमुकुट असेल तर तो बहुधा ऑक्टोबर १९१० च्या आधीचा, कारण तेव्हा राजेशाही जाऊन प्रजासत्ताक आलं. प्रकाशनस्थळ 'नोव्हा गोवा' छापलेलं असेल तर १८४३ नंतरचं, तेव्हा पणजीला हे नाव मिळालं. दर रुपये आणि तांगांमध्ये असेल (सोळा तांगांचा एक रुपया) तर १९५९ च्या सुमाराच्या आधीचा; एस्कुदांत, म्हणजे पोर्तुगालच्या चलनात, असेल तर त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांतला; नव्या पैशांत असेल तर गोवा पोर्तुगीजांपासून मुक्त झाल्यानंतरचा. वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात 'व्हिझादु पेला सेन्सुरा' (सेन्सॉरने तपासलेलं) असं दिसलं तर पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या काळातला. त्या दिवसांत लग्नपत्रिकासुद्धा छापण्याआधी तपासून घ्यावी लागे असं जुनी माणसं सांगतात. म्हणून मी लग्नपत्रिका फार आस्थेने पाहतो, मागची बाजूही. मराठी पुस्तकांवर शक असतो, त्यात ७८ मिळवले की इसवी सन येतो. शके १८०३ म्हणजे १८८१, वर्षाच्या शेवटच्या दोन-तीन महिन्यांसाठी १८८२.

लिप्या शिका. मोडी सहा महिन्यांत डोळ्याखालून जाऊ लागते, रोज एक पान उतरवून काढलं तर. पोर्तुगीज सगळी यायची गरज नाही. महिन्यांची नावं, आकडे शब्दांत, आणि आफोरामेंतु (जमिनीचा कायमचा भाडेपट्टा), इन्व्हेंतार (वारसांच्या मालमत्तेची यादी), तबेलियांव (नोटरी) असे कचेरीतले शे-दीडशे शब्द आले तरी कागद काय आहे ते कळतं. जुन्या गावकारीच्या, म्हणजे गावच्या सामाईक जमिनीचा कारभार पाहणाऱ्या संस्थेच्या, कागदांत गोयकानडी ही गोव्याची जुनी लिपी भेटते. ती वाचणारे आता मोजके आहेत, ते भेटले तर त्यांच्या पायाशी बसा.

आणि खरे ग्रंथ आधी डोळ्यांनी पाहा. पाटो, पणजी इथलं कृष्णदास शामा ग्रंथालय १८३२ सालचं आहे. तिथल्या दुर्मीळ ग्रंथांच्या विभागात एक महिना शनिवारी जाऊन बसा. पुराभिलेख खात्याची परंपरा तर १५९५ पासूनची; दियोगु दु कोतु हा पहिला अभिलेखपाल, आणि विसाव्या शतकात पांडुरंग पिसुर्लेकरांनी त्या दप्तराला जगात नाव मिळवून दिलं. तिथे सतराव्या शतकातलं पान उजेडासमोर धरल्यासारखं पाहायला मिळालं तर जाळीच्या रेघा आणि पाणचिन्ह बघा. तो चिंध्यांपासून केलेला कागद अजून कापडासारखा चिवट आहे. मग घरी येऊन १९३० सालचं वर्तमानपत्र हातात घ्या. ते घडीवर तुटतं. लाकडाच्या लगद्याच्या कागदात आम्ल असतं, ते त्याला आतून खातं. म्हणूनच माझं म्हणणं आहे की आपल्या आजोबांच्या काळातला कागद जास्त घाईने वाचवायला हवा. पणजोबांचे पणजोबा टिकतील.

गोव्याचा पाऊस हा आपल्या छंदाचा खरा शत्रू. चिऱ्याची भिंत ओल धरते, म्हणून कपाट भिंतीपासून वीतभर तरी पुढे. लोखंडी कपाट बंद ठेवलं तर आत घाम येतो. पावसाळ्यात दर दोन-तीन दिवसांनी उघडून पंखा लावा. बुरशी आली तर पुसू नका, पुसल्याने ती कागदात घुसते. आधी हवेवर, सावलीत सुकू द्या, मग तोंडाला मास्क बांधून मऊ ब्रशने घराबाहेर झाडा. उन्हात कधीच नाही. कसर लागलेलं छापील पुस्तक प्लॅस्टिकच्या पिशवीत हवाबंद करून दोन आठवडे फ्रीझरमध्ये ठेवावं, बाहेर काढल्यावर पूर्ण दिवस पिशवी उघडू नये. डांबराच्या गोळ्या मी केव्हाच बंद केल्या, त्या माणसाच्या प्रकृतीला बऱ्या नाहीत. चिकटपट्टी, स्टेपल, बॉलपेन आणि लॅमिनेशन ही माणसांनी केलेली चार प्रकारची वाळवी आहे. लॅमिनेट केलेला कागद पुन्हा सोडवता येत नाही. हस्तलिखितांतली जुनी लोहयुक्त शाई अक्षरांच्या जागी भोकं पाडते, असे कागद जितके कमी हलवाल तितकं बरं.

काय विकत घ्यायचं नाही तेही सांगायला हवं. ग्रंथालयाचा शिक्का असलेलं पुस्तक, ते रीतसर काढून टाकल्याची नोंद नसेल तर, परत नेऊन द्यायचं. मी एकदा दिलं. काउंटरवरच्या माणसाला ते कशाला आणलं हेच कळेना, तरी पावती घेऊनच आलो. जमिनीचे, मुंडकाराच्या (भाटकाराच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्या कुळाच्या) घराचे मूळ कागद घेऊ नका. तो एखाद्याच्या हक्काचा पुरावा असतो, आणि घर विकणाऱ्याला ते नेहमी ठाऊक असतंच असं नाही. फोटो काढून घरच्यांना परत करा. ७५ वर्षांहून जुनी, ऐतिहासिक किंवा वाङ्मयीन मोल असलेली हस्तलिखितं आणि दस्तऐवज १९७२ च्या पुरावशेष कायद्यात येतात. ते तुम्ही देशाबाहेर पाठवू शकत नाही, आणि त्यांचा व्यापार करायला परवाना लागतो. परदेशातून कुणी फोनवर मोठा आकडा सांगितला तरी लक्षात असू द्या.

आणखी एक, मनाच्या कलाबद्दल. गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की नाही, यावरच्या १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलाची हस्तपत्रकं अजून घराघरांत सापडतात. आमचं घर फूल या चिन्हाचं, म्हणजे विलीनीकरणाच्या बाजूचं. पहिली काही वर्षं मी 'दोन पानं' या चिन्हाची, म्हणजे विरोधी बाजूची, पत्रकं भंगारातच राहू दिली. आज त्याची फार खंत वाटते. एकाच सभेला दोन्ही बाजूंनी काय उत्तर दिलं हे दोन्ही कागद शेजारी ठेवल्याशिवाय वाचताच येत नाही. आता मी दोन्ही घेतो, आणि दोन पानांचं पत्रक मिळालं की जास्त जपून ठेवतो.

मागच्या चवथीला त्या पाडलेल्या वाड्यातल्या आजींचा नातू घरी आला होता. आजीचं अक्षर कुठे आहे का, विचारत होता. पंचांगांच्या फायलीत एका पानाच्या समासात दूधवाल्याचा हिशेब होता, पेन्सिलने, रुपये आणि तांगांत. त्याने ते अक्षर लगेच ओळखलं. त्या पंचांगाचा फोटो त्याला दिला, आणि वहीत त्या क्रमांकापुढे तिचं नाव लिहिलं.