मुलांच्या भजनी वर्गात जांभया येऊ नयेत म्हणून

दर वेळी अख्खा अभंग पहिल्यापासून घोकून घेऊ नका. आधी दहा मिनिटं नुसते टाळ. आठ मात्रांचं (ठोक्यांचं) एक आवर्तन, म्हणजे तालाची एक फेरी, वाजवायचं, पुढचं मनात मोजायचं, मग सगळ्यांनी समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, यायचं. निम्मी मुलं आधीच वाजवतात, कारण हात थांबला की मोजणी धावते. लय मिनिटाला 70 मात्रांवर आणा; जमलं की दोन आवर्तनं गाळा. हा खेळ मुलांना सोडवत नाही. टाळ बद्द वाजतोय? कड तळहाताला टेकली असेल.

मग धृपद. पट्टी काळी चार, म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी सा धरायची. मोठ्यांच्या काळी एकला मुलांचे खालचे स्वर विरतात. कडवं दर आठवड्याला नव्या मुलाकडे द्या. पखवाजवाल्यालाही अधूनमधून टाळ धरायला लावा, थोडा कुरकुरेल.