गेमिंग पीसी की कन्सोल? आधी पाच गेम लिहून काढा

भाच्याची दहावी संपली आणि घरात एकच घोषा सुरू झाला: गेमिंग पीसी की कन्सोल (टीव्हीला जोडून गेम खेळायचं यंत्र)? दुकानात गेलं की डोकं फिरतं. जळगावात आम्ही घरीच असं ठरवलं:

१. पोराला हवे ते पाच गेम कागदावर लिहायला लावले. त्यात काउंटर-स्ट्राइक २ निघाला की विषय संपला, तो कन्सोलवर येतच नाही.

२. तीन वर्षांचा खर्च मांडा, नुसती खोक्याची किंमत नको. पीसीला मॉनिटर आणि यूपीएस धरा. कन्सोलला घरचा टीव्ही चालतो, पण विकतचे बहुतेक गेम ऑनलाइन खेळायचे तर वर्गणी भरावी लागते. पीसीवर सहसा नाही.

३. कन्सोलच ठरला तर डिस्क घालायची खाच असलेला बघा. खेळून झालेली डिस्क विकता येते, मित्राशी बदलता येते. एक्सबॉक्स सीरिज एस या कन्सोलला ही खाच नाहीच.

आमच्याकडे अभ्यासही त्याच यंत्रावर व्हायचा होता (निदान भाचा तसं म्हणतो), म्हणून पीसी आला.

जपा एवढंच: आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो. यंत्र बंद कपाटात कोंबू नका, मागे वीतभर जागा सोडा.