बेळगावातल्या घरात पोरांना स्पॅनिश: आमच्यात काय जमलं, काय फसलं

आधी एक सांगते, आमच्यात कुणीही स्पेनला गेलेलं नाही. मी पुण्यात असताना स्पॅनिशचा कोर्स केला, लग्न होऊन टिळकवाडीत आले आणि आता घरी बसून मेक्सिकोतल्या क्लायंटची कामं करते. संध्याकाळी माझे कॉल सुरू झाले की पोरं दाराशी उभी राहून ऐकायची आणि नक्कल करायची, तिथनं हे सगळं चालू झालं. थोरली आता आठ वर्षांची, धाकटा साडेचार.

लोक पहिला प्रश्न हाच विचारतात, अगं किती भाषा घालशील त्यांच्या डोक्यात? मला हसू येतं. बेळगावचं पोर घरात मराठी बोलतं, भाजीवालीशी कन्नड, शाळेत इंग्लिश, कार्टून हिंदीत बघतं आणि उन्हाळ्यात चोर्ला घाट उतरून आत्याकडं गेलं की चार दिवसात कोंकणी उचलून येतं. आपल्याकडं कुणी पोराला बसवून "बेकु, बेड" (कन्नडमधलं पाहिजे, नको) शिकवलंय का? गल्लीत खेळता खेळता आलं की ते. तसंच करायचं, फक्त स्पॅनिशची गल्ली आपल्याला घरात तयार करावी लागते, एवढाच फरक.

भाषा जास्त झाल्या म्हणून पोर उशिरा बोलतं हे खरं नाही. भाषांची मिसळ करणं पण बिघाड नव्हे, आपण मोठी माणसं दिवसभर तेच करतो. शब्द किती येतात ते मोजायचंच असेल तर सगळ्या भाषांचे मिळून मोजा. बोलण्याची खरंच काळजी वाटत असेल तर सरळ स्पीच थेरपिस्टला दाखवा आणि घरात कुठल्या कुठल्या भाषा चालतात ते सगळं सांगा.

आता पद्धत. पुस्तकात "एक पालक, एक भाषा" असा नियम सापडतो, म्हणजे आईनं एकच बोलायची आणि बाबांनी दुसरी. हा नियम १९१३ साली रोंझा नावाच्या फ्रेंच भाषातज्ञानं स्वतःच्या पोराबद्दल पुस्तक लिहिलं तेव्हापासून चालत आलाय. पण त्यांच्या घरात आईची भाषा खरोखरच जर्मन होती. माझी मातृभाषा मराठी, मी पोराला ताप आल्यावर स्पॅनिशमध्ये काय जवळ घेणार? म्हणून आम्ही वेळ आणि जागा ठरवली. संध्याकाळी दूध पिताना पंधरा मिनिटं आणि रात्री एक पुस्तक, बस्स. बाकी वेळ घर मराठीच. आज्जींनी सुरवातीलाच ठणकावलं होतं, "आधी मराठी वाचूं दे की तिला नीट." बरोबर होतं त्यांचं. इंग्लिश मीडियमच्या पोरांचं मराठी वाचन आधीच लंगडं असतं, त्यात ही नवीन भाषा मराठीच्या वेळेत घुसवली तर दोन्ही जातील. मराठी गोष्ट झाल्याशिवाय स्पॅनिश पुस्तक उघडायचं नाही, हा आमच्यातला नियम आज्जींचाच.

आणि मराठी पक्की असली की स्पॅनिश सोपी जाते, हे मला कोर्समध्ये कुणी सांगितलं नव्हतं. "मे गुस्ता एल मांगो" म्हणजे "मला आंबा आवडतो", आणि आंबे जास्त झाले की "मे गुस्तान लोस मांगोस", मला आंबे आवडतात. क्रियापद आंब्याप्रमाणं बदलतं, अगदी आपल्यासारखं! इंग्लिशमधनं शिकणारा इथं अडखळतो. "मे दुएले ला काबेसा", माझं डोकं दुखतंय, तीच गत. तू आणि आपण असा फरक तिकडं पण आहे, तू आणि उस्तेद. लिंगं आपल्याकडं तीन, त्यांच्याकडं दोनच, म्हणजे "टेबल स्त्रीलिंगी कसं गं आई?" एवढंच भांडण होतं. त म्हणजे आपला त, द म्हणजे आपला द, इंग्लिशसारखा ट-ड नाही.

वाचनाला सुरवात स्वरांपासून करा, दुसरं काही नको. पाच स्वर, आ ए ई ओ ऊ, आणि ते जवळपास कधीच बदलत नाहीत. बाराखडी झालेल्या पोराला हे एका बैठकीत कळतं, पण शाळेच्या इंग्लिशची सवय मध्ये येते, "मी" लिहिलेलं असलं की थोरली "माय" वाचायची. मी पहिला महिना शब्दाखाली पेन्सिलनं देवनागरी लिहून द्यायची आणि आठवड्यानं खोडायची. कायम ठेवू नका, नाहीतर डोळा तिथंच जातो. मग चार गोष्टी सांगायच्या: एच मुका, म्हणून होला न्हवे ओला. जे हा ह आणि ख च्या मधला. एनवर नागमोडी रेघ असली की न्य, निन्यो म्हणजे मुलगा. आणि आर दोनदा आला की रिक्षा सुरू होते तसा टर्रर्र आवाज. पेरो म्हणजे "पण", पेर्रो म्हणजे कुत्रा, धाकटा दिवसभर रिक्षा चालवत फिरला त्या दिवशी.

पुस्तकं कुठनं आणायची? बेळगावच्या दुकानात शोधून थकाल. मी स्टोरीविव्हर नावाच्या वेबसाइटवरनं घेते, प्रथम बुक्स या प्रकाशनाची आहे, फुकट आहे, गोष्टींना लेव्हल एक ते चार असतात आणि कितीतरी गोष्टी मराठी, कन्नड, स्पॅनिश अशा तिन्ही भाषांत सापडतात. लेव्हल एकच्या पुढं घाईनं जाऊ नका. तीच गोष्ट तिन्ही भाषांत झेरॉक्सवाल्याकडनं प्रिंट काढायची, मध्ये दोन पिना मारायच्या, झालं पुस्तक. सोमवारी मराठीत वाचायची, मंगळवारी नुसती चित्रं बघायची आणि बोट ठेवून शब्द म्हणायचे, बुधवारपासनं स्पॅनिश, आणि आठवडाभर तेच पुस्तक. आपल्याला कंटाळा येतो, पोरांना येत नाही. कन्नडचं शनिवारी आमचे अहो वाचतात, ते सरकारी शाळेत शिकलेत त्यामुळं त्यांचं कन्नड माझ्यापेक्षा चांगलं, माझं कन्नड अजून बाजारापुरतंच.

मधेच "याचा अर्थ काय सांग बघू" विचारू नका. पोरगं मराठीत उत्तर देतंय? देऊ दे. धाकटा म्हणाला "कुत्रा पळाला", की मी "सी, एल पेर्रो कोर्रियो" म्हणून पान उलटते. सहा महिने तो स्पॅनिशचा एक शब्द बोलला नाही, नुसता ऐकत होता, आणि एके दिवशी दूध संपल्यावर ग्लास पुढं करून "मास लेचे". अजून दूध. मी कॉलवर होते, कॉल तसाच ठेवून दिला.

फसलं ते पण सांगते. सुरवातीला मी घरभर चिठ्ठ्या लावल्या, फ्रीज, आरसा, दार, देव्हारा सुद्धा. आठवड्यात त्या भिंतीच्या रंगासारख्या झाल्या, कुणी बघेना. वर फ्लॅशकार्डं घेऊन रोज दहा शब्द घोकून घ्यायची आणि पाहुणे आले की "म्हणून दाखव गं एक ते दहा". थोरलीनं तीन महिने स्पॅनिश बंद केलं, माझीच चूक. पाहुण्यांसमोर पोपट करू नका एवढं ऐका माझं.

चिठ्ठ्यांच्या ऐवजी आम्ही शब्दांची शिकार करतो. आपल्या मराठीत पोर्तुगीज आणि अरबी-फारसीकडनं आलेले शब्द भरपूर, आणि पोर्तुगीज ही स्पॅनिशची सख्खी बहीण. साबण तिकडं खाबोन, पपई पापाया, तंबाखू ताबाको, चावी यावे, खमीस कामिसा. पागार म्हणजे पैसे देणं, आपला पगार तिथलाच. साखर आसूकार आणि नारिंग नारांखा, हे दोन तर आपल्याकडनंच फिरत फिरत तिकडं गेलेले. थोरलीची वही आहे, रविवारी बाजारातनं आलं की पिशवीतल्या भाजीत शिकार. उलटे शब्द जास्त मजेचे: सोपा म्हणजे सूप, त्यामुळं आज्जींच्या जुन्या घरातला सोपा आठवून पोरं हसतात. आणि काका म्हणजे, माफ करा, शी. हे थोरलीला कळलं त्या आठवड्यात आमच्या दिरांची काय अवस्था झाली ते विचारू नका.

खेळात सगळ्यात भारी लोतेरिया. मेक्सिकोचा खेळ, आपल्या हाउजीसारखा, फक्त आकड्यांच्या ऐवजी चित्रं. पत्ते चोपन्न, प्रत्येकाच्या पाटीवर चार गुणिले चार अशी सोळा घरं, आणि पत्ते काढणारा नाव सांगतो, कधी कोडं घालून सांगतो. आम्ही घरीच केला, वीस पत्त्यांपासनं सुरवात केली, चित्रं पोरांनी काढली: कुत्रा, चंद्र, चमचा, किल्ला, रिक्षा, कुंदा. कुंदा म्हणजे आमच्या बेळगावची मिठाई, त्याला स्पॅनिश शब्द नाही, म्हणून "एल कुंदा". घरं झाकायला राजमे. आज्जींना स्पॅनिश येत नाही पण चित्रं कळतात, आणि सगळ्यात जास्त वेळा जिंकतात त्याच.

सणांचं फार करायला जाऊ नका, एक-दोन पुरे. स्पेनमध्ये ३१ डिसेंबरला रात्री बाराच्या ठोक्यांबरोबर बारा द्राक्षं खातात. आमच्यात नऊ वाजता होतं, अहो ताटावर चमचा मारतात, पोरं उनो, दोस, त्रेस करत दोसे म्हणजे बारापर्यंत. लहान पोराला द्राक्षं उभी चिरूनच द्या आणि सावकाश खाऊ द्या, घशात अडकतात.

पिन्याता, म्हणजे आत खाऊ भरून टांगायचं आणि डोळे बांधून फोडायचं, हे मात्र कराच, कारण दहीहंडी बघितलेल्या पोराला समजवावंच लागत नाही. मेक्सिकोत पूर्वी मातीच्या मडक्यावर कागद चिकटवून करायचे. आम्ही फुग्यावर करतो. मैद्याची पातळ खळ शिजवायची, जुन्या पेपरच्या पट्ट्या तीन थर, प्रत्येक थर वाळल्यावरच पुढचा. एप्रिल-मेच्या सुट्टीत करा, जूनमध्ये बेळगावच्या पावसात वाळता वाळत नाही, आमच्या एकाला बुरशी आली. चौथा थर दिलात तर फुटतच नाही. आत चिक्की, शेंगदाणे, आणि चिठ्ठ्यांवर स्पॅनिश शब्द, जो शब्द वाचेल त्याला जादा चिक्की. मारायला लाटणं नको, कागदाची जाड गुंडाळी पुरते, आणि डोळे बांधलेल्या पोरापासनं बाकीच्यांना लांब उभं करा. गच्चीवर दोरी धरून वर-खाली करायला उंच माणूस लागतो, आमच्यात ते काम दिरांकडं आहे आणि खालनं सगळी पोरं एका सुरात ओरडत असतात, काका, काका.